पायाच्या अंगठ्याचा सांधा दुखतोय: चोळण्याआधी, शेकण्याआधी, गोळी घेण्याआधी काय करायचं

अंगठा दुखायला लागला की बहुतेकांचा क्रम ठरलेला असतो. पहिल्या दिवशी तेल लावून चोळायचं, दुसऱ्या दिवशी गरम पाण्यात पाय बुडवायचा, तिसऱ्या दिवशी घरात पडलेली वेदनाशामक गोळी घ्यायची आणि आठवड्याने रक्तातलं युरिक ॲसिड तपासायचं. आकडा जास्त आला तर डाळी बंद. आकडा नॉर्मल आला तर 'चालण्याने दुखत असेल' म्हणून विषय बंद. यातली जवळजवळ प्रत्येक पायरी चुकीच्या जागी आहे.

या एका सांध्यात निदान सहा-सात वेगवेगळी दुखणी होतात आणि एकाचा उपचार दुसऱ्याला मारक ठरतो. झिजून आखडलेल्या सांध्याला हळूहळू हलवावं लागतं. मुरगळलेल्या सांध्याला मात्र तसंच हलवत राहिलं तर आठवड्याचं दुखणं महिन्यावर जातं. गाऊटच्या, म्हणजे युरिक ॲसिडचे स्फटिक सांध्यात जमून येणाऱ्या दुखण्याच्या, झटक्यात शेक दिला तर ठणका वाढतो. जंतुसंसर्ग असेल तर शेकण्या-चोळण्यात गेलेला प्रत्येक दिवस सांध्याचं कायमचं नुकसान करतो. म्हणून खालचे टप्पे त्याच क्रमाने घ्या. पहिले तीन टप्पे मिळून अर्ध्या तासाचं काम आहे, पण पुढचं सगळं त्यांच्यावर उभं आहे.

टप्पा १: थांबता येणार नाही अशी लक्षणं आधी तपासा

घरगुती काहीही करण्यापूर्वी हे बघा. खालीलपैकी एकही गोष्ट असेल तर पुढचे टप्पे वाचत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना पाय दाखवा.

- सांधा लाल, गरम, सुजलेला आहे आणि सोबत ताप किंवा थंडी वाजणं आहे.
- सांध्याजवळ जखम, फोड, पू किंवा चिरलेली कातडी आहे.
- मार लागल्यावर अंगठा वाकडा दिसतोय, नखाखाली रक्त साकळलंय किंवा पायावर भार टाकता येत नाही.
- लाली अंगठ्यावरून पावलावर, पावलावरून घोट्याकडे पसरत चालली आहे.
- अंगठा पांढरा किंवा निळसर, थंडगार पडला आहे.
- मधुमेह आहे आणि पावलावर नवी सूज, लाली किंवा जखम दिसते आहे, मग ती दुखत नसली तरी.

शेवटचा मुद्दा सगळ्यात जास्त दुर्लक्षिला जातो. मधुमेहाने पायाच्या नसा बधिर झाल्या की दुखणं हा इशाराच नाहीसा होतो. हाड मोडलेलं असतं, आत पू झालेला असतो आणि माणूस 'फारसं दुखत नाही' म्हणून चालत राहतो.

पहिल्याच वेळी आलेला लाल-गरम-सुजलेला सांधा म्हणजे गाऊट, असं घरी ठरवू नका. सांध्यातला जंतुसंसर्ग बाहेरून हुबेहूब तसाच दिसतो आणि काही दिवसांतच कूर्चा (हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत गादी) खाऊन टाकतो. गाऊटमध्येही ताप येऊ शकतो, त्यामुळे दोघांतला फरक नक्की करायला सांध्यातलं पाणी सुईने काढून तपासावं लागतं. आधी गाऊट झालेल्या माणसालाही संसर्ग होऊ शकतो, हेही लक्षात ठेवा.

टप्पा २: नेमकी जागा बोटाने शोधा

'अंगठा दुखतो' एवढ्यावर कोणताही डॉक्टर नीट उपचार करू शकत नाही. जागा सांगावी लागते, आणि ती तुम्हालाच सगळ्यात चांगली शोधता येते.

तयारी साधी आहे. खुर्चीवर बसा, दोन्ही पाय उघडे करा, चांगल्या उजेडात शेजारी शेजारी ठेवा. दुखरा आणि चांगला, दोन्ही पाय बघायचे. एकटा पाय बघून काय सुजलंय हे कळत नाही.

आता हाताच्या एकाच बोटाने, टोकाकडून सुरुवात करून मागे येत दाबत चला.

नखाच्या कडेला दाबून कळ आली तर हे सांध्याचं दुखणं नाही, नख रुतलंय. कित्येक जण याच दुखण्यासाठी युरिक ॲसिड तपासून आलेले असतात.

अंगठ्याच्या मुळाशी, जिथे अंगठा पावलाला जोडतो तिथे मुख्य सांधा आहे. त्याच्या वरच्या बाजूला टणक उंचवटा लागतो आणि तिथेच दुखतं, तर सांधा झिजून हाडाची कड वाढल्याची शक्यता मोठी. आतल्या बाजूला, म्हणजे दुसऱ्या पावलाकडे तोंड करून, हाडाचा गोळा बाहेर आलाय आणि अंगठा शेजारच्या बोटाकडे झुकलाय, तर ते बुनियन.

आता पाऊल उलटं करा आणि चवड्यावर, अंगठ्याच्या बरोबर मागे दाबा. तिथे स्नायूंच्या दोरीत वाटाण्याएवढी दोन हाडं असतात. तिळावरून त्यांना सेसामॉइड हे नाव पडलंय. धावताना, नाचताना, उंच टाचांत उभं राहताना सगळा भार त्यांच्यावर येतो. कळ फक्त खालून येत असेल आणि वरून दाबल्यावर काहीच होत नसेल, तर संशय याच हाडांवर घ्यायचा.

सगळा सांधा चारी बाजूंनी दुखतो, चादरीचा स्पर्शही सोसत नाही, कातडी ताणून चकाकते आहे? मग गाऊट किंवा संसर्ग. आणि सांधाच काय, अख्खा अंगठा नखापर्यंत फुगलाय, नखांवर बारीक खड्डे आहेत किंवा अंगावर सोरायसिस आहे, तर सोरायसिसशी जोडलेला संधिवात तपासायला हवा.

दाबून झालं की हालचाल बघा. एका हाताने पाऊल धरा, दुसऱ्या हाताने अंगठा सावकाश वर उचला. निरोगी सांध्यात तो साधारण ६५ ते ७५ अंश वर जातो. नेमका अंश मोजायची गरज नाही, दुसऱ्या पायाशी तुलना पुरे. अंगठा अगदी टोकाला गेल्यावरच दुखतो, की थोडासा हलवताच दुखतो, हे टिपून ठेवा. झीज असेल तर टोकाला दुखणं म्हणजे बिघाड अजून कडेला आहे. मध्येच दुखणं म्हणजे बहुधा आतला बराच भाग गेलाय. पुढे शस्त्रक्रियेची वेळ आली तर कोणती करायची, हे ठरवताना डॉक्टर हेच विचारतात.

*सावधान:* सांधा लाल आणि गरम असेल, किंवा नुकताच मार लागला असेल, तर ही हालचालीची तपासणी करू नका.

*पडताळा:* दुखऱ्या जागेवर पेनने छोटी फुली मारा आणि फोटो काढून ठेवा. सूज असताना काढलेला फोटो डॉक्टरांना फार उपयोगी पडतो, कारण भेटीच्या दिवशी ती अनेकदा उतरलेली असते.

टप्पा ३: दुखणं कसं सुरू झालं ते लिहा

आठवणीवर विसंबू नका, आजच लिहा. सुरुवात तासांत झाली, एका क्षणात झाली, की महिन्यांत? या एका प्रश्नाने निम्मं निदान होतं.

तासांत: रात्री झोपताना ठीक होतं, पहाटे ठणक्याने जाग आली. १२ ते २४ तासांत दुखणं शिगेला पोचलं. ही गाऊटची चाल. उपचार न करताही तो झटका एक-दोन आठवड्यांत ओसरतो, आणि फसगत इथेच होते. त्या आठवड्यात जे काही लावलं, प्यायलं, बांधलं, त्यालाच श्रेय मिळतं.

क्षणात: धावताना पाय घसरला, अंगठा मागे दुमडला, काहीतरी 'कट्' झालं. ही मुरगळ किंवा अस्थिभंग.

महिन्यांत: आधी चढ चढताना, मग उकिडवं बसताना, मग साधं चालतानाही. ही झीज, बुनियन किंवा सेसामॉइडचा त्रास.

त्याशिवाय लिहायचं: सकाळी उठल्यावर आखडलेपण किती वेळ टिकतं, दुसरे सांधे दुखतात का, दोन्ही पाय दुखतात का. आखडलेपण अर्ध्या-एक तासाहून जास्त टिकत असेल आणि दोन्ही हातापायांचे लहान सांधे सुजत असतील, तर ते झिजेचं लक्षण नाही, आमवाताच्या (रुमॅटॉइड संधिवाताच्या) दिशेने तपासणी लागते. आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी करा. रक्तदाबासाठी दिलेल्या, लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्या आणि रोजची कमी मात्रेची ॲस्पिरिन युरिक ॲसिड वाढवू शकतात.

*सावधान:* हे वाचून त्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. बदलायच्या का हे त्या लिहून देणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवायचं. अंगठा वाचवायला जाऊन हृदयाला धोका नको.

टप्पा ४: पहिले ४८ तास

कारण नक्की व्हायच्या आधीही काही गोष्टी सुरक्षितपणे करता येतात.

१. सांध्याला विश्रांती द्या. अंथरुणाला खिळायची गरज नाही, पण चवड्यावर भार येईल असं काही नको: जिने, उकिडवं बसणं, धावणं.

२. पाय छातीच्या पातळीहून वर ठेवा. खुर्चीत बसून स्टुलावर पाय ठेवणं यात मोजू नका, तिथे पाय छातीच्या खालीच राहतो. आडवे होऊन पायाखाली दोन उश्या घ्या.

३. बर्फ कापडात गुंडाळून १५ ते २० मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. थेट कातडीवर नाही. पायाला बधिरपणा असेल किंवा रक्तपुरवठा कमी असेल तर बर्फही नको आणि शेकही नको. तो पाय पोळल्याचं किंवा गारठल्याचं तुम्हाला कळणारच नाही.

४. सैल, समोरून उघडं, पण कडक तळव्याचं पादत्राण घाला. अनवाणी चालणं आरामाचं वाटतं, पण प्रत्येक पावलाला सांधा पूर्ण वाकतो.

५. वेदनाशामक गोळी घ्यायची तर आधी स्वतःला चार प्रश्न विचारा: मूत्रपिंडाचा आजार आहे का? पोटात अल्सर होता का? रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का? हृदयविकार आहे का? एकाही प्रश्नाचं उत्तर 'हो' असेल तर आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, नॅप्रॉक्सेन या गटातली गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. दोन वेगवेगळ्या नावांच्या गोळ्यांत एकच औषध असू शकतं, म्हणून पाकिटावरचं औषधाचं नाव वाचा.

या दोन दिवसांत न करायच्या गोष्टी: चोळणं, अंगठा ओढून 'मोकळा' करणं, गरम पाणी, घट्ट पट्टी. पट्टी बांधलीच तर बोटं निळी पडत नाहीत ना, मुंग्या येत नाहीत ना, हे दर तासाला बघा.

*पडताळा:* ४८ तासांनी दुखणं निम्म्यावर आलंय का? मार लागलेला असेल आणि तरीही चालता येत नसेल, तर एक्स-रे लागेल. अंगठा प्रत्येक पावलाचा मोठा भार घेतो, त्यामुळे त्याचा अस्थिभंग बाकीच्या बोटांसारखा 'शेजारच्या बोटाला बांधून' सोडून देता येत नाही.

टप्पा ५: तपासण्या योग्य वेळी, योग्य क्रमाने

इथे सगळ्यात जास्त पैसे आणि वेळ वाया जातो, म्हणून जरा थांबून लिहितो.

एक्स-रे उभं राहून काढा. झोपून काढलेल्या एक्स-रेत अंगठ्याचा वाकडेपणा आणि सांध्यातली जागा खरी दिसत नाही. सांगितलं नाही तर अनेक ठिकाणी झोपवूनच काढतात, म्हणून 'पायावर भार देऊन' हे शब्द चिठ्ठीवर लिहून घ्या. गाऊटच्या पहिल्या झटक्यात एक्स-रे बहुधा नॉर्मलच येतो. त्याचा अर्थ गाऊट नाही असा होत नाही. ताणाने आलेली हाडाची बारीक चीरही पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेत दिसत नाही, संशय कायम राहिला तर एमआरआय करतात.

आता युरिक ॲसिड. शरीराच्या तापमानाला रक्तात ते साधारण ६.८ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरपर्यंत विरघळलेलं राहतं, त्यापुढे स्फटिक बनू शकतात. पायाचा अंगठा शरीराच्या मध्यापेक्षा थंड असतो आणि थंडीत स्फटिक लवकर जमतात, म्हणून पहिला झटका बहुधा याच सांध्यावर येतो. पण दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. पहिली, ऐन झटक्यात हा आकडा नॉर्मल येऊ शकतो. तेव्हा नॉर्मल आला तर झटका ओसरल्यावर दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा तपासा. दुसरी, आकडा जास्त आहे म्हणजे गाऊट आहे असं नाही. कित्येकांचा आकडा वर्षानुवर्षं जास्त असतो आणि त्यांना एकही झटका येत नाही. अशांना नुसत्या आकड्यासाठी औषध सुरू करायची गरज सहसा नसते. अंगठा मुळात बुनियनने दुखत असेल आणि आकडा योगायोगाने ७.५ आला असेल, तर युरिक ॲसिडच्या गोळीने तो अंगठा बरा होणार नाही.

शंकेला जागा न ठेवणारी तपासणी एकच: सांध्यातलं पाणी काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं. सुईसारखे स्फटिक दिसले तर गाऊट, जंतू दिसले किंवा वाढले तर संसर्ग. सुईची भीती वाटते हे समजतं, पण पहिल्याच झटक्यात डॉक्टरांनी हे सुचवलं तर नाही म्हणू नका. पाणी काढता येत नसेल तर सोनोग्राफीतही कूर्चेवर बसलेला स्फटिकांचा थर दिसू शकतो.

सोबत क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते सांगणारी रक्ततपासणी) आणि रक्तातली साखर तपासून घ्या. औषध कोणतं आणि किती द्यायचं हे यावरच ठरतं.

टप्पा ६: कारण कळल्यावरच उपचार

*गाऊट*

याचे दोन उपचार आहेत आणि लोक ते एकच समजतात. एक झटका शमवण्याचा, दुसरा पुढचे झटके थांबवण्याचा.

झटक्यासाठी कोल्चिसीन, वेदनाशामक-दाहशामक गोळी किंवा स्टेरॉइड यांतलं एक, तुमच्या मूत्रपिंडाकडे आणि पोटाकडे बघून. कोल्चिसीन पहिल्या दिवसा-दीड दिवसात सुरू झालं तरच चांगलं काम करतं, उशिरा घेतल्यास उपयोग कमी. त्याची मात्रा चिठ्ठीवर लिहिली तेवढीच. जास्त गोळ्यांनी आराम वाढत नाही, जुलाब लागतात आणि अतिमात्रा जीवावर बेतते. क्लॅरिथ्रोमायसिनसारख्या काही औषधांबरोबर ते धोकादायक ठरतं, म्हणून घशासाठी किंवा दातासाठी अँटिबायोटिक लिहून घेताना कोल्चिसीन चालू असल्याचं सांगा. स्टेरॉइड घेत असाल आणि मधुमेह असेल तर साखर रोज मोजा, ती चढते.

वर्षात दोन किंवा अधिक झटके आले, सांध्याजवळ खडूसारख्या गाठी झाल्या किंवा हाडाला इजा दिसली, तर युरिक ॲसिड खाली आणणारं औषध लागतं. बहुधा ॲलोप्युरिनॉल, कधी फेबुक्सोस्टॅट. ॲलोप्युरिनॉल कमी मात्रेने, दिवसाला १०० मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी, सुरू करून हळूहळू वाढवतात. लक्ष्य रक्तातलं युरिक ॲसिड ६ च्या खाली, गाठी असतील तर ५ च्या खाली.

आता बहुतेक लोक अडकतात ती जागा. औषध सुरू केल्यावर पहिल्या काही महिन्यांत झटके वाढू शकतात. जुने स्फटिक विरघळताना सांधा डिवचला जातो. माणूस म्हणतो, 'या गोळीनेच त्रास वाढला', आणि गोळी सोडतो. हे टाळण्यासाठी सुरुवातीचे तीन ते सहा महिने सोबत कमी मात्रेत कोल्चिसीन देतात. ते लिहिलं नसेल तर विचारा. गोळी चालू असताना झटका आला तर गोळी थांबवायची नाही, झटक्याचा उपचार वेगळा जोडायचा.

*सावधान:* ॲलोप्युरिनॉल सुरू केल्यावर अंगावर पुरळ उठलं, तोंडात फोड आले किंवा ताप आला, तर मात्र गोळी तत्काळ बंद करा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. अझाथायोप्रिन (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) चालू असेल तर ते आधीच सांगा, ही जोडी घातक आहे.

पथ्याबद्दल स्पष्टच सांगतो. दारू, त्यातही बिअर, प्राण्यांचे यकृत-मूत्रपिंडासारखे अवयव, भरपूर मांस, शिंपल्यांचे प्रकार आणि साखर घातलेली शीतपेयं कमी करा. पाणी नीट प्या. वजन जास्त असेल तर सावकाश उतरवा, कडक उपासाने झटका येऊ शकतो. डाळी आणि पालक बंद करायची गरज नाही, वनस्पतींमधल्या प्युरिनचा (ज्यापासून युरिक ॲसिड बनतं तो घटक) गाऊटशी तसा संबंध दिसलेला नाही. आणि शरीरातलं सुमारे दोन तृतीयांश युरिक ॲसिड शरीर स्वतःच बनवतं. त्यामुळे नुसत्या पथ्याने आकडा थोडाच उतरतो. ९ वरून ६ वर तो पथ्याने येईल या आशेवर वर्षं घालवू नका.

*झिजून आखडलेला सांधा*

हलका व्यायाम टप्पा ८ मध्ये आहे, पण चालताना ध्येय उलटं: सांधा कमी वाकू द्यायचा. कडक तळव्याचा, पुढे किंचित वर वळलेला आणि घसरगुंडीसारखा गोलाकार तळवा असलेला बूट घ्या. तो पावलाला पुढे लोटतो, सांध्याला वाकावं लागत नाही. बूट बदलता येत नसेल तर आत घालायची कडक पट्टी मिळते. उंच टाचा पूर्ण बंद. सांध्यातलं स्टेरॉइडचं इंजेक्शन काही आठवडे-महिने आराम देतं, झीज भरून काढत नाही.

*बुनियन*

पुढून रुंद बूट, उंचवट्यावर मऊ पॅड, बोटांमध्ये सिलिकॉनचा तुकडा. रात्री बांधायची पट्टी अंगठा कायमचा सरळ करेल असं सांगून विकली जाते. प्रौढ माणसात तसं होत नाही, बांधलेली असेपर्यंत अंगठा सरळ दिसतो इतकंच.

*मुरगळ*

अंगठा वर वाकू नये अशा पद्धतीने टेप लावून घ्या, कडक तळव्याचा बूट घाला. हलकी मुरगळ काही दिवसांत सुटते, मधली दोन-तीन आठवडे घेते, अस्थिबंध (हाडांना जोडणारा पट्टा) पूर्ण तुटला असेल तर सहा आठवड्यांहून जास्त, कधी काही महिने. खेळाकडे परत जायची घाई हीच यातली मोठी चूक. अंगठा ५० ते ६० अंश न दुखता वर जातो आणि चवड्यावर उडी मारता येते, तेव्हाच परत जा.

*सेसामॉइड*

जाड पॅडमध्ये दुखऱ्या जागेएवढी खोबण कापा, म्हणजे भार भोवताली पडेल. पॅड नेमकं दुखऱ्या जागेवरच ठेवलं तर त्रास वाढतो. एक्स-रेत हाडाचे दोन तुकडे दिसले म्हणून घाबरू नका, काही लोकांत ते जन्मापासूनच दुभागलेलं असतं. दुसऱ्या पायाचा एक्स-रे तुलनेला मदत करतो.

*रुतलेलं नख*

नख सरळ रेषेत कापा, कोपरे खोल कोरू नका. पू असेल किंवा मधुमेह असेल तर घरी कापाकापी नको.

टप्पा ७: बूट मोजून घ्या

संध्याकाळी घ्यायला जा, दिवसभरात पाऊल थोडं सुजलेलं असतं. दोन्ही पाय मोजा आणि मोठ्या पायाच्या मापाचा बूट घ्या. उभं राहून सगळ्यात लांब बोटाच्या पुढे एक ते दीड सेंटीमीटर जागा हवी. सगळ्यात लांब बोट अंगठाच असेल असं नाही. मग बूट हातात धरून टाच आणि टोक एकमेकांकडे दाबा. तो अगदी मधोमध घडी पडून वाकत असेल तर परत ठेवा.

*पडताळा:* घरी कागदावर उभं राहून पावलाची बाह्यरेषा काढा आणि रोजचा बूट त्यावर ठेवा. बुटाच्या कडेबाहेर रेषा दिसत असेल तर दुखण्याचं किमान एक कारण समोर आहे.

टप्पा ८: व्यायाम, आणि तो कधी नाही

लाली, उष्णता आणि बसल्या जागी दुखणं पूर्ण गेल्यावरच सुरुवात.

१. पोटरी ताणणं: भिंतीला हात टेकवा, दुखरा पाय मागे, गुडघा सरळ, टाच जमिनीला. ३० सेकंद, तीन वेळा. हा आधी, कारण पोटरी आखडलेली असेल तर चालताना टाच लवकर उचलली जाते आणि चवड्यावर भार वाढतो.

२. अंगठा मुळाशी धरून हलकेच पुढे खेचा आणि खेचलेला ठेवूनच न दुखेल इतका वर-खाली करा. दहा वेळा.

३. पाऊल जमिनीवर ठेवून फक्त अंगठा उचला, बाकी बोटं खाली. मग उलट. पहिल्या आठवड्यात जमत नाही, तरी करत राहा.

व्यायामानंतर दुखणं थोडं वाढलं आणि तासा-दोन तासांत उतरलं तर चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळीही वाढलेलंच असेल तर मात्रा निम्मी करा. सांध्याच्या वर टणक उंचवटा असेल आणि अंगठा एका ठिकाणी हाडावर हाड लागल्यासारखा अडत असेल, तर जोर लावून पुढे नेऊ नका. तिथे व्यायामाने जागा होत नाही.

टप्पा ९: पुन्हा कधी दाखवायचं, शस्त्रक्रिया कधी

बूट, पॅड आणि व्यायाम यांना नेटाने दोन-तीन महिने द्या. तरीही रोजचं चालणं अडत असेल तर हाडांच्या डॉक्टरांशी शस्त्रक्रियेबद्दल बोला. बुनियनसाठी कारण दुखणं हवं, दिसणं नव्हे. झिजलेल्या सांध्यात वाढलेली हाडाची कड कापून टाकणं हा लहान पर्याय. सांधा पूर्ण गेला असेल तर तो सांधून कायमचा स्थिर करतात, मग तिथे हालचाल राहत नाही आणि दुखणंही बहुधा जातं. 'सांधा बंद केल्यावर चालू कसा?' ही भीती स्वाभाविक आहे, पण योग्य कोनात जोडलेल्या अंगठ्याने चालणं आधीपेक्षा सोपं होतं. तंबाखू, सिगारेट चालू असेल तर हाड जुळायला उशीर होतो, म्हणून ती शस्त्रक्रियेच्या कित्येक आठवडे आधी बंद हवी. सूज पूर्ण उतरायला काही महिने लागतात. कामावर परत कधी जाल, गाडी कधी चालवाल, हे आधीच विचारून ठेवा.

गाऊटवाल्यांनी मात्रा ठरेपर्यंत दर काही आठवड्यांनी युरिक ॲसिड तपासायचं, लक्ष्य गाठल्यावर सहा महिन्यांनी किंवा डॉक्टर सांगतील तसं. वर्षभर एकही झटका आला नाही म्हणून गोळी सोडायची इच्छा होईल तेव्हा हा आकडा काढून बघा: तो ६ च्या खाली आहे, ते गोळीमुळेच.